प्रोजेक्ट सेव्ह झाला, पण फिल्म कुठे आहे?

सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ८ मध्ये पारसिकच्या टेकडीच्या पायथ्याशी आर्टिस्ट व्हिलेज आहे. चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात ते उभं केलं. सात घरं एका लहान चौकाभोवती, असे तीन गट मिळून त्याहून मोठा चौक, आणि अशी एकूण साडेपाचशे कुटुंबांची वसाहत. दोन घरांमध्ये सामाईक भिंत ठेवायची नाही, म्हणजे ज्याला जसं जमेल तसं त्याने घर वाढवावं, ही कोरियांचीच कल्पना. लोकांनी ती मनावर घेतली. कुणी खोली काढली, कुणी मजला चढवला, अनेकांनी मूळ घर पाडून नवं बांधलं. उतरत्या छपराचं पहिलं घर कसं होतं हे आज पाहायचं तर वास्तुकलेच्या पुस्तकात नाहीतर घरोघरच्या कपाटांत पाहावं लागतं. कपाटात म्हणजे बारशाच्या, मुंजीच्या, चौकातल्या होळीच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये.

हा लेख त्या कपाटांसाठी आहे. समजा, तुम्ही जुन्या घराची दहा मिनिटांची फिल्म करायला घेतली आहे. कॅसेटवरून उतरवून घेतलेलं चित्रण आहे, आईबाबांचे स्कॅन केलेले फोटो आहेत, घर पाडायच्या आदल्या आठवड्यात मोबाइलवर घेतलेल्या क्लिप आहेत. कापाकापी झाली, गाणं बसलं, शीर्षक आलं, तुम्ही 'सेव्ह' दाबलं. फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन सोसायटीच्या हॉलमधल्या टीव्हीला लावली, तर टीव्ही म्हणतो अशी फाइल चालत नाही. संगणकावर पाहिलं तर फाइल जेमतेम साठ-सत्तर केबीची. दहा मिनिटांची फिल्म इतक्या जागेत मावणं शक्यच नाही.

त्या फाइलमध्ये फिल्म नाहीच. तो आहे प्रोजेक्ट. घराच्या नकाशात कुठे भिंत, कुठे खिडकी हे लिहिलेलं असतं, विटा नसतात. तसंच प्रोजेक्ट फाइलमध्ये फक्त सूचना असतात. अमुक फोल्डरमधली अमुक क्लिप घ्या, बाराव्या सेकंदापासून एकोणिसाव्यापर्यंत दाखवा, मग दीड सेकंदात विरत न्या, खाली हे गाणं लावा. तुमच्या मूळ क्लिपला सॉफ्टवेअर हातही लावत नाही. त्या जिथे होत्या तिथेच राहतात, आणि प्रोजेक्ट त्यांचा फक्त पत्ता लिहून ठेवतो. या सूचनांप्रमाणे एकेक चित्र तयार करून सलग चालणारी नवी फाइल बनवणं म्हणजे एक्स्पोर्ट. काही सॉफ्टवेअरमध्ये त्याला रेंडर म्हणतात. विंडोजच्या जुन्या मूव्ही मेकरमध्ये 'सेव्ह प्रोजेक्ट' आणि 'सेव्ह मूव्ही' अशी दोन नावं एकाच मेनूत असायची. त्या एका 'सेव्ह' शब्दाने किती जणांना फसवलं असेल, मोजदाद नाही.

पत्ता चुकला की क्लिप गायब

प्रोजेक्ट उघडल्यावर लाल चौकटी दिसणं, 'फाइल सापडत नाही' असा संदेश येणं ही घरगुती एडिटिंगमधली सर्वांत नेहमीची तक्रार आहे. कारण बहुतेक वेळा एकच असतं. क्लिप व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरमधून थेट टाइमलाइनवर ओढलेली असते, नंतर कुणीतरी जागा करायला तो फोल्डर साफ करतो. किंवा क्लिप पेन ड्राइव्हवरच राहिलेल्या असतात. विंडोजने आज त्या पेन ड्राइव्हला 'ई' म्हटलं आणि उद्या 'एफ' म्हटलं, की सगळे पत्ते खोटे ठरले.

म्हणून एडिटिंगचं पहिलं काम सॉफ्टवेअर उघडणं नसून फोल्डर करणं आहे. संगणकाच्या हार्ड डिस्कवर फिल्मच्या नावाचा एक फोल्डर करा. त्यात तीन उपफोल्डर ठेवा: मूळ, प्रोजेक्ट आणि तयार. कॅसेटवरचं चित्रण, फोटो, मोबाइलच्या क्लिप, गाणं, जे काही वापरणार ते सगळं आधी 'मूळ'मध्ये कॉपी करा, नावं द्या आणि मगच सॉफ्टवेअरमध्ये घ्या. नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस लिहा. बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली, त्या दिवशीची क्लिप असेल तर २०२३-११-१७ आणि पुढे 'मेट्रो'. अशी नावं आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. फाइलची नावं मात्र रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत ठेवलेली बरी, कारण काही टीव्ही आणि जुनी सॉफ्टवेअर देवनागरी नावांच्या जागी चौकोन दाखवतात. मराठीचा अभिमान शीर्षकात दाखवू, फाइलच्या नावात नको.

एकदा काम सुरू झालं की 'मूळ'मधल्या फाइलचं नाव बदलायचं नाही, जागा बदलायची नाही. फोल्डर हलवायचाच असेल तर अख्खा हलवा. शॉटकटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप प्रोजेक्टच्याच फोल्डरात किंवा त्याच्या आतल्या उपफोल्डरात असतील तर ते पत्ते त्या फोल्डरच्या हिशेबाने लिहितं, त्यामुळे फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेला तरी अडत नाही. शॉटकट वापरणाऱ्यांनी म्हणून प्रोजेक्टची फाइल उपफोल्डरात न ठेवता फिल्मच्या मुख्य फोल्डरातच ठेवावी. केडेनलाइव्हमध्ये प्रोजेक्ट 'अर्काइव्ह' करण्याची सोय आहे. ती वापरली की वापरलेल्या सगळ्या फाइल एका जागी गोळा होतात. दा विंची रिझॉल्व्हमध्येही तशीच सोय आहे आणि तिथे ती जास्त गरजेची आहे, कारण रिझॉल्व्ह प्रोजेक्ट साध्या फाइलमध्ये न ठेवता स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं. दुसऱ्या संगणकावर न्यायला फोल्डरमध्ये शोधत बसाल तर काही सापडणार नाही, तो आतूनच एक्स्पोर्ट करावा लागतो. आयफोनवरच्या आयमूव्हीत शेअर करताना व्हिडिओ पाठवायचा की प्रोजेक्ट हे निवडता येतं. नातेवाइकांना व्हिडिओ पाठवा, स्वतःच्या दुसऱ्या यंत्रावर काम पुढे न्यायचं असेल तर प्रोजेक्ट.

पत्ता हरवलाच तर घाबरू नका. शॉटकट आणि ओपनशॉट दोन्ही प्रोजेक्ट उघडताना हरवलेली फाइल कुठे आहे ते विचारतात. तुम्ही नवी जागा दाखवली की काम पुढे चालू होतं. मूळ क्लिप पुसलीच गेली असेल तर मात्र कोणतंही सॉफ्टवेअर ती परत आणू शकत नाही.

सेव्हची सवय हा वेगळा विषय आहे. कंट्रोल आणि एस दर पाच-दहा मिनिटांनी दाबत राहायचं, हे झालंच. त्याहून उपयोगी म्हणजे प्रत्येक मोठ्या बदलाआधी 'सेव्ह अ‍ॅज' करून नवी आवृत्ती करणं. 'घर-०१', 'घर-०२', 'घर-०३'. प्रोजेक्टच्या फाइल इतक्या हलक्या असतात की वीस आवृत्त्या झाल्या तरी एका फोटोएवढी जागा लागत नाही, आणि 'कालचंच चांगलं होतं' असं घरात कुणी म्हटलं तर कालचं उघडता येतं. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरं' अशी नावं देणाऱ्यांना मात्र देवही वाचवू शकत नाही. विजेचं काही सांगता येत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली होती. लॅपटॉपवाले वाचतात, टेबलावरच्या संगणकाला यूपीएस लावून घ्या.

पहिली क्लिप जपून निवडा

एक्स्पोर्टच्या वेळी होणाऱ्या निम्म्या घोटाळ्यांचं मूळ प्रोजेक्टच्या पहिल्या मिनिटात असतं. शॉटकटमध्ये व्हिडिओ मोड 'ऑटोमॅटिक' असेल तर तुम्ही पहिली जी क्लिप घ्याल तिचा आकार आणि वेग सगळ्या प्रोजेक्टला लागतो. आपल्या फिल्मची सुरुवात साहजिकच जुन्या कॅसेटने होणार. भारतात चालणाऱ्या पाल पद्धतीतलं कॅसेटवरचं चित्र डिजिटल झालं की ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं आणि सेकंदाला २५ चित्रांचं असतं. ते आधी घातलं की मोबाइलवरच्या सुरेख क्लिपही त्याच लहान मापात कोंबल्या जातात. आणि पहिली क्लिप मोबाइल उभा धरून घेतलेली असेल तर अख्खी फिल्म उभी होते. म्हणून सुरुवातीलाच मोड स्वतः निवडा. घरगुती फिल्मला १९२० बाय १०८०, म्हणजे फुल एचडी, पुरेसा आहे. वेग २५ ठेवायचा की ३०, हे जास्त चित्रण कशात आहे त्यावर ठरवा. मोबाइलच्या क्लिप बहुतेक ३० च्या असतात.

कॅसेटवरच्या चित्रणाबद्दल दोन गोष्टी. पहिली, ते ४:३ मापाचं असतं, आजचा टीव्ही १६:९ चा. चित्र ताणून पडदा भरू नका, आजी जाड दिसतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. दुसरी, जुन्या पद्धतीत प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत नोंदलं जायचं. संगणकावर तसंच दाखवलं तर हात हलला की कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात. एक्स्पोर्टमध्ये 'डीइंटरलेस' नावाचा पर्याय असतो, तो लावा, आणि तयार फाइल 'प्रोग्रेसिव्ह' आहे याची खात्री करा. जुनं चित्रण ४के मध्ये एक्स्पोर्ट करून ते स्वच्छ होत नाही, फाइल तेवढी फुगते.

मोबाइलच्या क्लिपमध्ये वेगळीच भानगड असते. बरेच फोन प्रकाशाप्रमाणे चित्रांचा वेग कमीजास्त करत राहतात. त्यामुळे लांब क्लिपमध्ये ओठ पुढे आणि आवाज मागे असा फरक पडू लागतो. वडिलांची अर्ध्या तासाची मुलाखत घेतली असेल तर हे हमखास जाणवतं. अशी क्लिप एडिटिंगला घेण्याआधी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' निवडून एकदा काढून घ्या. आयफोनच्या क्लिप काही विंडोज संगणकांवर उघडतच नाहीत किंवा नुसता आवाज येतो. त्या एचईव्हीसी पद्धतीने साठवलेल्या असतात. हँडब्रेक त्याही सोडवतं.

मराठी शीर्षकाकडे थोडं जास्त लक्ष द्या. फॉन्ट प्रोजेक्टच्या फाइलमध्ये नसतो, तो तुमच्या संगणकात असतो. भाच्याच्या लॅपटॉपवर तो नसेल तर तिथे शीर्षक वेगळ्याच वळणात दिसेल. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर तर निरर्थक रोमन अक्षरांत बदलतो. निर्मला किंवा नोटो यांसारखा युनिकोड फॉन्ट वापरा. मुंबईच्याच 'एक टाइप' या अक्षरसंस्थेने केलेला 'मुक्ता' मोफत मिळतो आणि पडद्यावर स्वच्छ वाचता येतो. तरीही काही शीर्षक-साच्यांत पहिली वेलांटी चुकीच्या जागी बसते, जोडाक्षर तुटून हलन्त दिसतो. 'स्मृती', 'कार्यक्रम', 'चौऱ्याऐंशी' असे शब्द लिहून आधी तपासा. बिघडत असेल तर शीर्षक दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये तयार करून पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी चित्रात साठवा आणि ते चित्र टाइमलाइनवर ठेवा. चित्राला फॉन्ट लागत नाही.

एक्स्पोर्टची खिडकी

त्या खिडकीत पन्नास पर्याय दिसतात, पण घरच्या कामाला उत्तर ठरलेलं आहे: फाइल एमपी४, चित्र एच.२६४, आवाज एएसी. एच.२६४ ही पद्धत २००३ पासून आहे. गेल्या दहा-बारा वर्षांतला जवळजवळ प्रत्येक टीव्ही, फोन आणि संगणक ती वाचतो. एच.२६५ मध्ये फाइल लहान होते हे खरं, पण ज्या मामांच्या टीव्हीवर ती चालणार नाही तेच मामा नेमके फोन करतील. ओपनशॉटमध्ये 'एक्स्पोर्ट व्हिडिओ' उघडून साध्या टॅबमध्ये एमपी४ एच.२६४ आणि फुल एचडी प्रोफाइल निवडा. शॉटकटमध्ये 'एक्स्पोर्ट' दाबलं की सुरुवातीला जे पर्याय दिसतात ते याच पद्धतीचे असतात, खालचं बटण दाबून जागा निवडली की काम सुरू. विंडोज ११ मध्ये असलेल्या क्लिपचॅम्पमध्ये फुकट वापरातही १०८० पर्यंत एक्स्पोर्ट मिळतं. तिथे प्रोजेक्ट आपोआप सेव्ह होत राहतो, पण फिल्मची फाइल एक्स्पोर्ट केल्याशिवाय तयार होत नाही, आणि एक्स्पोर्ट पूर्ण होईपर्यंत ती खिडकी बंद करायची नसते.

फाइल किती मोठी होईल हे बिटरेटवर ठरतं. यूट्यूब फुल एचडीसाठी, सेकंदाला ३० चित्रांच्या वेगाला, ८ मेगाबिट सुचवतं. आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट, म्हणजे दहा मिनिटांची फिल्म साधारण ६०० एमबी. ४के साठी त्याच यूट्यूबचा आकडा ३५ ते ४५ आहे. चाळीस धरले तर दहा मिनिटांना ३ जीबी आणि पंधरा मिनिटांना साडेचार. इथे पेन ड्राइव्ह आडवा येतो. एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जातच नाही, मग त्यावर ६४ जीबी जागा मोकळी असली तरी. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा लागतो (आधी त्यावरचं सगळं दुसरीकडे उतरवून), आणि जुन्या टीव्हीला एक्सफॅट कळत नाही असंही होतं. फुल एचडीवर थांबा, हा प्रश्नच येणार नाही.

एक्स्पोर्ट सुरू करण्याआधी डिस्कवर जागा आहे का पाहा, लॅपटॉप चार्जरला लावा, संगणक आपोआप 'स्लीप'मध्ये जाण्याची सोय बंद करा. थेट पेन ड्राइव्हवर एक्स्पोर्ट करू नका. आधी 'तयार' फोल्डरमध्ये, मग तिथून कॉपी. 'हार्डवेअर एन्कोडर' लावला तर काम झटपट होतं, पण फाइल मधेच अडकायला लागली किंवा चौकोन दिसले तर तो काढून पुन्हा करा, वेळ जाऊ द्या. आणि पहिल्यांदा संपूर्ण फिल्म काढू नका. मधली तीस सेकंदं, ज्यात शीर्षक, कॅसेट आणि मोबाइल अशा तिन्ही गोष्टी येतात, तेवढी काढून हॉलमधल्या टीव्हीवर लावून बघा.

पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलात तर तो दाबून लहान केला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंतची फाइल आहे तशी जाते. यूट्यूबवर चढवणार असाल तर 'अनलिस्टेड' ठेवा, म्हणजे दुवा ज्याच्याकडे त्यालाच दिसेल. सिनेमाचं गाणं लावलं असेल तर यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि हक्कदाराच्या मर्जीप्रमाणे जाहिरात येते किंवा व्हिडिओ अडवला जातो. यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीतलं संगीत बिनघोर वापरता येतं. चौकातल्या होळीच्या चित्रणात मागे लाऊडस्पीकरवर वाजणारं गाणंही ओळखलं जातं, हे माहीत असू द्या.

प्रोजेक्ट किती दिवस टिकतो?

विंडोज मूव्ही मेकर २००० साली आलं. घराघरांत मुलांच्या वाढदिवसाच्या फिल्म त्यावर झाल्या. १० जानेवारी २०१७ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार काढून घेतला आणि ते डाउनलोडलाही ठेवलं नाही. त्या काळात ज्यांनी 'सेव्ह मूव्ही' केलं त्यांची डब्ल्यूएमव्ही फाइल आजही व्हीएलसीमध्ये चालते. ज्यांनी फक्त प्रोजेक्ट ठेवला त्यांच्या हातात अशी फाइल उरली जी आजची नेहमीची सॉफ्टवेअर उघडत नाहीत. फोनवर तर याहून अवघड. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने ज्या ५९ अ‍ॅपवर बंदी घातली त्यांत टिकटॉकबरोबर व्हिवाव्हिडिओ हे एडिटिंगचं अ‍ॅपही होतं. नव्या फोनवर ते उतरवता येईना, आणि जुन्या फोनमधले अर्धवट ड्राफ्ट तिथेच राहिले.

म्हणून तिन्ही गोष्टी ठेवा, पण त्यांचा क्रम ओळखून. सर्वांत मोलाचं 'मूळ', कारण ते पुन्हा चित्रित करता येत नाही. मग 'तयार'. 'प्रोजेक्ट' सर्वांत शेवटी. अख्ख्या फोल्डरची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी या घराबाहेर, पुण्याच्या बहिणीकडे किंवा क्लाउडवर. आणि ज्यांच्याकडे अजून कॅसेट तशाच आहेत त्यांनी एडिटिंगचा विचार नंतर करावा. व्हीएचएस रेकॉर्डर बनवणारी जपानची फुनाई ही शेवटची कंपनीही जुलै २०१६ मध्ये थांबली. आता जी यंत्रं चालतात ती जुनीच, आणि दरवर्षी थोडी कमी. मिनी डीव्ही कॅसेट असेल तर ती उतरवताना तासाला सुमारे १३ जीबी जागा धरा, आणि उतरवून देणाऱ्याकडून डीव्हीडी न घेता मूळ दर्जाची फाइल मागा.

घरगुती फिल्म बहुतेक वेळा बिघडून मरत नाही, 'अजून थोडं करायचंय' म्हणून प्रोजेक्टमध्येच पडून राहते. शेवटचे दोन फोटो मिळाले नाहीत, काकूंनी तारीख सांगितली नाही, म्हणून वर्ष जातं. तुमची फिल्म आज जिथवर आली आहे तिथवर आजच एक्स्पोर्ट करा, नावापुढे ०१ लिहा आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला दाखवा. राहिलेल्या तारखा तेच सांगतील, ०२ त्यानंतर करा.